डोळे येणे

पाटोद्याच्या माळावर बिभीषण बोट दाखवतो:
टिटवीची अंडी. चार.
मला दगड, दगड,
आणि चुनखडीचे ठिपके.

आठ वर्षं काचेच्या इमारतींच्या
सरळ रेघा वाचून
डोक्यामागच्या पेशींनी
माळाचा हिशेब मोडीत काढलेला.

"तुझे डोळे आले न्हाईत अजून,"
म्हणतो, आणि स्वतःच हसतो.
डोळे येणं म्हणजे आपल्याकडं
चिपडं, लाली, गुलाबपाणी.

पाचव्या दिवशी शेरडांमागं जाताना
माळ आपोआप गप्प झाला.
कुसळ, खडी, बोरीची हलती सावली,
रोजचंच म्हणून
आतल्या कुणीतरी सोडून दिलेलं.

त्या गप्पपणात
एक दगड
जरा जास्तच गोल.

उचललेला पाय तसाच.
मागचे चार दिवस
कुठं कुठं पडला असेल तो?