ऋण, धन, शिंग

आत-बाशीला हिवाळ्यातल्या सकाळी उणे अठ्ठावीस.
हे पोरांना कळतं, नाकातले केस सांगतात.
पण उणे गुणिले उणे बरोबर अधिक म्हटलं
की सहावीचा वर्ग माझ्याकडे असा बघतो
जशी मेंढरं नव्या कुंपणाकडे.

आधी मी कर्जाचं उदाहरण द्यायचो.
कर्ज म्हणजे ऋण, ऋण म्हणजे वजा.
एके वर्षी आइबेकच्या थोरल्या भावानं विचारलं,
"मग कर्जाला कर्जानं गुणलं
तर दुकानदार उलटे आपल्याला पैसे देईल?"
कुणी हसलं नाही.
दुकानाच्या वहीत अर्ध्या वर्गाची आडनावं होती.
आणि माझं.

शेगडीत शेण्या सारायला येतात जान्यशाय बाई.
त्या दिवशी दारातच थबकल्या.
"मास्तर, हे तोंडानं शिकवताय होय?
हे हातांचं काम आहे."
दुसऱ्या सकाळी खांद्यावर नमद्याच्या दोन गुंडाळ्या,
एक लाल, एक काळी,
उकळत्या पाण्यानं भिजवून, लाटून लाटून घट्ट केलेली लोकर.
वर्गभर ओल्या मेंढीचा वास.

काळ्यावर लाल ठेवला. लालावर खडूनं एडक्याचं शिंग.
सुरी एकदाच फिरली, दोन्ही थरांतून.
मग लालातलं शिंग काळ्याच्या भोकात,
काळ्यातलं लालाच्या.
चिंधीसुद्धा उरली नाही.
"जे इथून वजा झालं..." मी सुरू केलं
आणि वाक्य माझ्या हातून गेलं,
मागच्या बाकानं ते पुरं केलं.

"आता पुन्हा बदला," बाई म्हणाल्या.
लाल शिंग लालात, काळं काळ्यात,
जसं होतं तसं. फक्त नीट पाहिलं तर
कापल्याची बारीक कड.
मी फळ्यावर लिहिलं: उणे एक गुणिले उणे एक बरोबर.
आणि खडू ठेवून दिला.
वर्ष संपेपर्यंत वाट बघायची तयारी होती.
आइबेक उठला, "एक" लिहून आला,
जाऊन बसला आणि बोटं चाटली, खडूची.

बेगिमायची सुरी घसरली होती.
शिंगाचं टोक वळायच्या आधीच तुटलेलं.
तिनं दोन्ही तळहात त्यावर दाबून धरले.
मी ओरडणारच होतो (सुरी, लहान मूल, माझी नोकरी),
बाईंनी तिचे हात अलगद उचलले.
"घसरली ती दोन्हीतून घसरली ना?
मग घाल की बसवून."
बसलं. चूकही दोन्हीकडे एकाच मापाची.

शिवताना ती खालच्या मानेनं म्हणाली,
"बाबा इथून वजा झाले, नोवोसिबिर्स्कला.
मग तिकडे ते अधिक झाले का?"
एकवीस वर्षं मी गणित शिकवतो.
मी म्हणालो, दोरा पुरेल ना, बघ.

मार्चमध्ये तपासनीस आले.
कोट न काढता हजेरीपट चाळला.
"हा तास गणिताचा की हस्तकलेचा?
रकाना एकच आहे."
मी दोन्ही नावं लिहिली, एकावर एक.
त्यांना अक्षर लागलं नाही.

परीक्षेत चौघं नापास झाले. लपवत नाही.
गेल्या खेपेला अकरा होते,
पण त्यात नमद्याचा वाटा किती आणि
त्या वर्षीच्या गोवराचा किती, हे गणित मला सुटलेलं नाही.
आइबेक त्या चौघांत आहे.
त्यानं उत्तरपत्रिकेवर शिंगं काढली होती,
सगळी उलटी, सगळी एकमेकांत बरोबर बसणारी.
एक गुण द्यावा का, यावर मी संध्याकाळ घालवली.

नमदा आता माझ्या खुर्चीवर असतो.
बसताना मांडीखाली ते तुटकं टोक लागतं.
शेगडी विझत आली की जान्यशाय बाई येतात,
माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघतात,
आणि म्हणतात, "टाका सैल झालाय, मास्तर. उठा."