अंगठ्याचा हिशेब

इलोइलोत, ला पासच्या फेरीवर, जीपनीत
पैसे मागून पुढे येतात हातोहात,
एलेउतेरिओ वळून बघत नाही.
रस्ता डोळ्यांचा, हिशेब अंगठ्याचा.
सव्वीस वर्षं हे असंच.

मग पिवळं गेलं, पांढरं आलं
पाच पेसोचं नाणं,
एक पेसोच्या पाठचं भावंड जणू,
दोन मिलिमीटरनं काय ते थोरलं.
खोटं नव्हतं. वाजवून बघा, खणखणीत.
काढणाऱ्यानं ताटाएवढ्या कागदावर
भर उजेडात काढलं असणार:
वेलीची फुलं, कॉलरची शिवण, सगळं जिथल्या तिथे.
रात्री नऊला, हलत्या गाडीत,
शिवण कुणाच्या बोटाला लागते?

त्या शनिवारी चोवीस पेसो कमी भरले.
"सहा वेळा चुकलो," तो म्हणाला.
रोसेंदा भात वाढत होती.
"तू कशाला चुकतोस?
सहा वेळा त्यानं सांगितलंच नाही
आपण कोण ते."

आता नऊ कोनांचं आलंय.
तो घेतो, एक कोन दाबतो,
बरोबर असतं.
तरी लाल दिवा लागला की
मूठ उघडून
एकदा बघतोच.