वारुळाची माती

वेर्ल्याच्या डोंगरावर कुष्टा पुढे, मी मागे,
मिठाच्या पुरचुंडीने जळवा उतरवत.
"जागा कुणाला सांगायची नाही,"
तो तिसऱ्यांदा म्हणाला.
कुणाला सांगणार?
मला तर परतीची वाटही सांगता आली नसती.

किंदळीच्या बुंध्याशी वारूळ.
त्याने चपला काढल्या, मीही.
सांतेरीच ती,
तिच्या अंगणात वाकूनच यायचं.
पण पाचोळा आधीच कुणी सारलेला,
मातीत बोटाएवढी भोकं, ओली, ताजी.
छत्री न उघडलेल्या कळ्यासुद्धा
ठेवल्या नव्हत्या.

कुष्टा बोलला नाही.
एकेक भोक बुजवत गेला
अंगठ्याने, न दाबता.

खाली रस्त्यावर एक पोर उभं,
सागाच्या पानात अळंबी बांधून.
कुष्टाने एक देठ उचललं,
त्याची माती बोटांत चोळली, हुंगली.
"कितले?"
"तीनशें."
घासाघीस केली नाही.
नोटा मोजता मोजता फक्त विचारलं,
"कळ्या तरी ठेवायच्यास रे थोड्या?"

पोर खाली बघू लागलं.
अनवाणी होतं ते,
घोट्यावरचं जळवांचं रक्त
अजून सुकायचं होतं.

कुष्टाने माझ्याकडे हात केला,
आणि मिठाची पुरचुंडी मागितली.