उतरा, गॅस भरायचाय

गाडी थांबली की आधी सगळ्यांनी उतरायचं,
हा इथला नियम.
म्हातारी असो, मांडीवर झोपलेलं पोर असो,
केकचा डबा तिरका होवो, होऊ दे.
पिवळ्या रेघेपलीकडे एक खोली आहे, दाराला कडी नसलेली.
तिथल्या बाकावर बसायचं
आणि काचेतून आपल्याच गाडीकडे बघत राहायचं,
ऑपरेशनला नेलेल्या माणसाकडे बघतात तसं.

नोराइर जान, तू विचारतोस, परवडतं का.
तुझी गाडी नवी. डिकीत अजून दुकानाचा वास.
माझी ओपेल बघ.
डिकी उघडली की सिलिंडरच दिसतो,
घरजावयासारखा आडवा पसरलेला,
आणि त्याच्या कुशीत कोंबलेली एक छत्री.

पैशाचं म्हणशील तर, हो, वाचतात.
वानाझोर ते येरेवान पेट्रोलवर गेलो
तर आठवडाभर चीज विसरावं लागतं.
गॅसवर गेलो तर चीजही येतं, वर सिगारेटही.
(सिगारेट इथे नको. तो पोरगा ओरडेल.)
पण रांगेतला वेळ कुठल्या वहीत लिहायचा?
जानेवारीत पहाटे पाचला उभा राहिलोय मी,
मिशीवर बर्फ, पुढे अठरा गाड्या,
आणि माझा नंबर आला तेव्हा प्रेशर गेलेलं.
मेव्हणा म्हणतो, बाँब घेऊन फिरतोस.
मी त्याला सिलिंडरवरची तपासणीची तारीख दाखवतो.
तारीख खरी आहे. शेजाऱ्याची रंगवलेली आहे,
त्याच्या गाडीत मी बसत नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझी येराझ दातांचीच डॉक्टर होतेय,
तिची फी मी असंच कोरून कोरून भरली.

तिला सोडायला गेलो त्या सप्टेंबरात
बॅग डिकीत मावेना.
बॅग मागच्या सीटवर, बटाट्यांचं पोतं पायाशी,
आईने शिवलेली रजई मांडीवर,
रजईच्या वर तिची हनुवटी.
स्पिताकच्या घाटात ओपेल धापा टाकू लागली.
गॅसला चढ आवडत नाही, हे तुला कोणी सांगणार नाही.
ती म्हणाली, पप्पा, पेट्रोलवर टाका ना.
टाकलं. टक् करून बटण दाबलं.
आणि पेट्रोल म्हणजे काय तर
पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली कपबशी,
दोन वर्षं कोणी पाहुणा आलेला नाही.
इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गप्प.

पुन्हा गॅस. पुन्हा पहिला गिअर.
माणसाच्या चालीने गाडी चढू लागली,
तेव्हा तिने दार उघडलं आणि उतरली.
म्हणाली, उतरायची सवय आहेच की आपल्याला.
रजई सीटवर ठेवून
ती गाडीशेजारून चालत राहिली, एक हात खिडकीवर,
लहानपणी आजोबांच्या गाढवाशेजारून चालायची तशी.
मागून ट्रक हॉर्न देत होते.
मी क्लचवरचा पाय सांभाळत होतो
आणि तिच्याकडे बघणं टाळत होतो,
कारण ती हसत होती, आणि मला मात्र
वाचवलेला एकेक द्राम आठवत होता.

वर पोचल्यावर ती आत बसली, गाल लाल.
आता उतार आहे, म्हणाली, आता फुकट.

मग परवडतं का?
रोज कामाला जात असशील, रस्ता सपाट असेल,
बायको रांगेत चिडत नसेल, तर बसव.
महिन्यातून दोनदाच गाडी काढत असशील, तर नको,
यंत्राचे पैसे फिटायच्या आत तू म्हातारा होशील.
आणि पेट्रोल अधूनमधून जाळत जा, कपबशी वापरात ठेव.

तो बघ, पोरगा हात करतोय. झाली माझी.
चल, पुढे बस.
मागे नको, मागे तिची रिकामी बरण्यांची खोकी आहेत.
परत भरून पाठवायच्यात.