तिळाहून थोडं जास्त

बर्निस जाब्लोन्स्की मला कधीच भेटली नाही.
माझ्या टेबलावर आली ती नऊशे बारा पानांची,
तळाशी आकडे छापलेली,
मधूनच एखादं पान उलटं स्कॅन झालेलं.

टोलीडोतला फेब्रुवारी. मौमी नदी गोठलेली,
रेडिएटर खोकतोय,
आणि मी न्यायाधीशबाईंसाठी मसुदा लिहायला बसलेय:
सरकारनं अपंगत्वाचा भत्ता नाकारला,
तो रीतसर नाकारला का?

ती खरंच आजारी आहे का,
हे विचारायचा मला अधिकार नाही.
तराजूला हात लावायचा नाही.
फक्त वाकून बघायचं, पारड्यात पुरावा होता ना?
किती? कायदा म्हणतो, कणाहून थोडा जास्त.
माझ्या डोक्यात मात्र तीळ येतो.
आमच्यात म्हणतात, एक तीळ सात जणांत वाटून खावा.
इथं त्या एका तिळाला
बर्निसची सहा वर्षं टांगलेली.

त्याआधीची बावीस काचेच्या कारखान्यात,
गरम बरण्या पट्ट्यावरून उचलत.
मग बोटं बधिर. मग हातातून चमचा पडणं.
मग फॉर्म.

पान एकसष्ट, सुनावणी.
तज्ज्ञ फोनवरून सांगतो,
काचेचं काम आता जमायचं नाही, मान्य;
पण देशात इतर कामं आहेत.
उदाहरणार्थ, अक्रोड निवडणारी.

अक्रोड निवडणारी!
कुठल्याशा जाडजूड जुन्या यादीत
अजून पगारावर असलेली ही बाई.
मी पेन खाली ठेवलं.
निवडणं मला ठाऊक आहे.
ताटात तांदूळ पसरून, उजेडाकडे तोंड करून,
खडा डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो.
हे मसुद्यात लिहिलं, मग खोडलं.
नोंदीबाहेरचं काही चालत नाही,
आणि माझं ताट नोंदीबाहेरचं.

मग पान तीनशे अठ्ठ्याऐंशी.
निकालात म्हटलंय, अर्जदार स्वतः मांजराला खाऊ घालते.
खरंय. तिनंच लिहिलंय तसं.
पण निकाल जिथं थांबला
तिथं तिचं वाक्य थांबत नाही,
ते समासात चढून, वळून, पुढे जातं:
"डबा शेजारचा ऑर्विल उघडून ठेवतो.
मी कोपरानं ढकलते. सांडतं.
मांजराला सवय झालीय."

एवढं पुरलं.
बाई म्हणाल्या, अर्धं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.
निकाल रद्द, प्रकरण परत.
परत म्हणजे पैसे नव्हेत हो.
परत म्हणजे तीच इमारत, नवी तारीख,
कदाचित तोच फोन, तेच अक्रोड.

गठ्ठा बांधताना सह्या दिसल्या.
पहिल्या फॉर्मवर आडनाव अख्खं, शेपटीसकट.
तिसऱ्यावर निम्म्यातच रेघ होऊन पळालेलं.
शेवटच्या अपिलावर
नुसतं एक बी,
तेही तडकलेलं.

कुणी मांडल्याच नव्हत्या त्या.
तिच्या वकिलानंही नाही.
मी पानं पुन्हा मागेपुढे केली,
तिन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या,
दिवा थोडा जवळ ओढला.

मसुदा दुपारीच वर गेला होता.