काना

सोमवारच्या अंकात, सातव्या पानावर, खाली,
चपलांच्या सेलच्या जाहिरातीला टेकून
बाई गेल्याची बातमी आलीय.
दोन इंच. पट्टी लावून मोजली मी.
वय चौऱ्याऐंशी लिहिलंय. शहाऐंशी होतं.
'ज्येष्ठ लेखिका' लिहिलंय. लेखिका नव्हत्या.
बाई बातमीदार होत्या.

हे मी सांगू शकतो, कारण
द्वारका निसळांनी काय लिहिलंय
ते पुण्यात सगळ्यांच्या आधी मी वाचायचो,
तेही उलटं, शिशाच्या खिळ्यांत,
शनिपारामागच्या छापखान्यात
चाळीसच्या बल्बाखाली
एकेक अक्षर चिमटीत धरून.

हस्ताक्षर म्हणाल तर मुंगळ्यांची रांग.
अनुस्वार द्यायचे राहायचे,
आकडा मात्र कधी चुकला नाही.
भवानी पेठेत विडीवाल्या बायकांचा संप होता,
मालक सांगत होता, हजारामागे अमुक देतो, तमुक देतो.
बाई एका खोलीत दिवसभर बसल्या
आणि हजार विड्या मोजल्या,
तंबाखूनं शिंकत, पदरानं नाक पुसत.
खराब म्हणून बाजूला टाकलेल्या वेगळ्या मोजल्या,
आणि त्याच विड्या मागल्या दारानं
कुठे जातात, कितीला जातात,
तेही लिहिलं. दुकानाच्या नावासकट.

खरं तर त्यांना घेतलं होतं
बुधवारच्या 'गृहिणी' कोपऱ्यासाठी.
लोकरीचे टाके, साबुदाण्याची थालीपिठं.
ते त्या लकडी पुलावर सायकल टेकवून
पाच मिनिटांत खरडायच्या.
एकदा मीठच लिहायचं राहिलं.
एकशे सात पत्रं आली.
विड्यांच्या बातमीला तीन.
"वाचक जिवंत आहेत म्हणायचे, सोपानराव," म्हणाल्या,
आणि पुढच्या बुधवारी मीठ दोनदा घातलं.

बातमीवर नाव नसायचं.
'खास प्रतिनिधी कळवतो की...'
बाई दर वेळी लिहायच्या 'कळवते'.
संपादक दर वेळी लाल शाईनं
त्यात एक काना ओढायचे.
अकरा वर्षं.
ना त्या काही बोलल्या, ना ते.
तो काना जुळवायचो मी.

मग एका रात्री, का ते विचारू नका,
मलाच नीट माहीत नाही,
पान कसून मशीनवर चढायच्या आत
चिमट्यानं मी तो काना उपसला.
रिकाम्या जागेत एक पातळ पट्टी सारली.
सकाळी साऱ्या पुण्याला
प्रतिनिधी कळवते झाली.

मला सव्वा रुपया दंड.
बाईंनी आभार मानले नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून प्रूफ आलं,
त्या ओळीशी खूण करून समासात लिहिलेलं:
"'ते'नंतर फट राहते आहे.
पुढच्या वेळी नीट बसवा."

पुढच्या वेळी.
घरी जाऊन बायकोला वाचून दाखवलं ते.
ती म्हणाली, सव्वा रुपया गेला आणि वर बोलणी,
आणि तुम्ही हसताय काय?

काल एका पोरीचा फोन आला, त्याच दैनिकातून.
तिचं नाव छापतात, ठळक, फोटोसकट.
"आजोबा, मॅडमचा एखादा किस्सा सांगा ना."
मी म्हटलं, आधी वय दुरुस्त कर.
गप्प झाली. मग पलीकडून
बोटं चालल्याचा आवाज आला.
"झालं. अजून?"

समोर गोळ्यांची डबी होती.
तिच्यात तो आहे अजून,
काळा, करंगळीच्या पेराएवढा.
एकटा धरला तर अक्षरसुद्धा नाही,
नुसती एक उभी रेघ.
फोनवर कसं सांगणार?

"विड्या," मी म्हटलं,
"मोजल्या होत्या त्यांनी. हजार.
तिथून सुरू कर."