लघुतम माप

जांभळी नाक्यावरच्या काट्यांच्या दुकानात
धरमशीभाईंनी तीन यंत्रं मांडली ओळीने
आणि विचारलं, "सोनं तोलायचं का, बेन?"
म्हटलं, शिसं.
त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.

पर्समधून मी पत्र्याची डबी काढली.
लेकीच्या एअर रायफलच्या गोळ्या, पाचशे,
कमरेत चिमटलेल्या, परकर नेसल्यासारख्या,
एकेक चार गुंजांहून थोडी जड.

पहिला काटा स्वस्त. दशांशाची दोनच स्थळं.
दहा गोळ्या ठेवल्या एकामागून एक,
दहाही वेळा तोच आकडा: शून्य पॉइंट त्रेपन्न.
सगळ्या सारख्या! दुकानातला पोरगा खूश झाला.
सारख्या नव्हत्या. काट्याला दिसत नव्हतं.
बावीस वर्षं वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये
मी हेच सांगत आले नव्या पोरांना:
ज्याचं लघुतम माप जाडं, त्याचा सगळ्यांशी सलोखा.

दुसऱ्याला तिसरं स्थळ होतं, पण झाकण नव्हतं,
छताचा पंखा त्याच्या पॅनवर हळूच बोट टेकवायचा.
तिसऱ्याला काचेचं घर.
किंमत ऐकून मी जरा गप्प झाले.
"सोनारालाही एवढा नाही लागत," धरमशीभाई म्हणाले.
सोनाराचं सोडा, म्हटलं,
त्याची चूक वितळवता येते.

मायक्रोमीटर मात्र घरचाच.
निवृत्तीच्या दिवशी नारळासोबत दिलेला,
निळ्या मखमलीत झोपून होता सहा वर्षं.
शिशाला तो घट्ट धरायचा नाही.
रॅचेटच्या तीन कटकटींची वाट पाहिली
तर गोळीचं डोकं चेपतं, आणि मग आपण मोजतो
आपल्याच बोटांचा जोर.
तान्ह्याचं नख कापताना बोट धरतात,
तेवढंच.

माझी आई चेंदणीच्या बाजारात वाटे लावायची,
मांदेलीचे सहा वाटे, नुसत्या नजरेने.
गिऱ्हाईक शेजारच्या वाट्याकडे बघायला लागलं की
म्हणायची, "घे गो, तो पन तवराच हाय."
तोलला असता तर निघाला असता का तेवढाच?
कुणी तोलला नाही.

रात्री घोडबंदर रोड, सातवा मजला.
पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिना.
फ्रिज गुरगुरला की शेवटचा आकडा हलतो,
खालून कंटेनर गेला की हलतो,
मी श्वास सोडला तरी.
जुईली समोर, अंड्यांचा कागदी ट्रे घेऊन
(मी इडलीपात्र काढलं होतं. "आई, शिसं आहे ते!").
पाचशे एकतीस. पाचशे एकतीस. पाचशे तीस.
पाचशे छत्तीस, ही बाजूला.
राज्याचा संघ तिचा हुकला
शून्य पॉइंट तीनने.
ते तीन दशांश मी गोळ्यांत शोधत होते.

एकदा, शहाण्णव साली, मी एक लॉट पास केला होता.
दोन मायक्रॉन. साहेब मागे उभे, टेम्पो फाटकात.
गेजची जी बाजू आत जाता कामा नये
ती जराशी गेली होती आत,
आणि मी सही केली.
काही झालं नाही त्याचं, कधीच.
तरी.

साडेबारापर्यंत चारशे चौसष्ट गोळ्या
एकाच वजनाच्या घरात बसल्या.
"डबी चांगलीच होती गं," जुईली म्हणाली,
"त्या दिवशीही हाच लॉट होता."
मग उठून तिने हात धुतले साबणाने,
कोपरापर्यंत, बराच वेळ.

मी काटा बंद केला नाही.
पॅन रिकामं केलं, काच लावली, थांबले.
शून्य यायला हवं होतं.
उणे एक म्हणत होता. मग शून्य. मग उणे एक.
जुईली आतून विचारत होती, पंखा लावू का.
थांब, म्हटलं.
अजून थोडं थांब.